पाण्याचा आकडा बायांच्या वहीत हवा



वरवट बकालच्या संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, अनेक गावांतल्या विहिरी-बोअर खारट आहेत. खारट पाण्यात डाळ शिजत नाही. शिवाय किडनीच्या आजाराची धास्ती घरोघरी आहे. क्षार जिभेला कळतात, नायट्रेट कळत नाही. भारतीय मानकानुसार ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. २०१९ च्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच स्त्रियांना पाणीतपासणी शिकवण्याची तरतूद आहे. पण किट कपाटात राहिले, तर उपयोग काय? पाणी भरणे आणि आजाऱ्याची उस्तवार बायांकडेच असते. म्हणून उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर पाणी तपासा, आकडा आपल्या वहीत लिहा, ग्रामसभेत वाचा आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.