काढा आणि गोळी, एकाच देहात

नवरात्रात कोराडीच्या श्रीमहालक्ष्मी जगदंबेच्या दर्शनास जो अफाट जनसमुदाय लोटतो, त्यात औष्णिक विद्युत केंद्रातून निवृत्त झालेले कामगार असतात, कामठी-सावनेरकडील शेतकरी असतात आणि नागपुरातील नोकरदार कुटुंबेही असतात. या सर्वांत वृत्तीचे व ऐपतीचे कितीही अंतर असले, तरी त्यांपैकी अनेकांच्या घरच्या औषधाच्या डब्यात रक्तदाबाची अथवा मधुमेहाची रोजची गोळी, आणि तिच्या शेजारी कसलेसे चूर्ण, काढ्याची बाटली किंवा जाहिरात पाहून मागविलेली कॅप्सूल, असा शेजार सारखाच आढळतो. वनस्पतीच ती, तिचा कसला अपाय, ही समजूत इतकी दृढ आहे, की गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरास काढ्याची आणि काढा सांगणाऱ्या वैद्यास गोळीची वार्ता सहसा लागत नाही. दोघांची गाठ पडो वा न पडो, त्यांनी दिलेल्या द्रव्यांची गाठ मात्र एकाच यकृतात आणि एकाच रक्तात पडते, आणि तिची नोंद कोठल्याही दप्तरी होत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

ही तक्रार आयुर्वेदाविरुद्ध आहे असे कोणी समजू नये. ज्या द्रव्याचे नाव, रूप आणि गुण ठाऊक नाहीत ते विषासारखे व शस्त्रासारखे घातक ठरते, हा इशारा चरकसंहितेनेच दिलेला आहे. परस्परविरुद्ध पदार्थ एकत्र सेवन केल्याने होणाऱ्या विकारांचे सविस्तर विवेचनही त्याच ग्रंथात आहे. वनस्पतीत सामर्थ्य आहे असे मानणाऱ्याने त्या सामर्थ्याचा धाकही मानला पाहिजे.

गुळवेलीचे उदाहरण घ्यावे. कोरोनाच्या साथीत प्रतिकारशक्तीच्या आशेने घरोघरी तिचा काढा उकळू लागला, आणि २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईत गुळवेल घेतलेले सहा रुग्ण यकृतदाहाने आजारी होऊन आले; डॉ. आभा नगराळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हे वृत्त प्रसिद्ध केले. त्या सहांपैकी एक स्त्री दगावली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की सेवन केलेल्या वनस्पतीची तपासणी झालेली नाही आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात घेतली गेलेली असू शकते. पुढे देशातील निरनिराळ्या केंद्रांतून गोळा केलेल्या ४३ रुग्णांचा वृत्तांत आला, आणि ज्यांच्या शरीरात स्वतःच्याच यकृतावर उलटणारी रोगप्रवृत्ती सुप्तपणे वसत असते, त्यांच्यात गुळवेल ती चेतवीत असावी, असा निष्कर्ष त्यात मांडला गेला. आक्षेप खरा धरला तरी माझी चिंता शमत नाही. कारण कडुनिंबावरून वेल तोडून आणणाऱ्यास किंवा जत्रेतल्या पथारीवरून काड्यांची जुडी घेणाऱ्यास जात ओळखता येणार कशी?

औषधांच्या परस्परक्रियेचा विषय याहूनही गहन आहे. मिऱ्यातील व पिंपळीतील पायपरीन हे द्रव्य अनेक औषधांचे रक्तातील प्रमाण वाढविते. जम्मूच्या संशोधकांनी याच गुणाचा उपयोग करून क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० मिलिग्रॅमवरून २०० वर आणणारे मिश्रण सिद्ध केले. जाणत्याच्या हाती जो गुण उपकारक ठरला, तोच हळदीच्या अर्काची मिरेयुक्त कॅप्सूल घेणाऱ्या, आणि फिटवर फेनिटॉइन किंवा रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन चालू असलेल्या माणसास अपायकारक ठरू शकतो. भाजीतली चिमूटभर हळद निराळी आणि तिचा घनीभूत अर्क निराळा. दीर्घकाळ घेतलेला ज्येष्ठमध शरीरातील पोटॅशियम घटवितो व रक्तदाब चढवितो, म्हणून लघवीची गोळी अथवा डिगॉक्सिन घेणाऱ्या हृदयरोग्यास तो जिवावर बेतू शकतो. कारले, मेथी वा गुडमार यांचे अर्क मधुमेहाच्या गोळीच्या जोडीस आले, तर साखर एकाएकी उतरू शकते. कॅल्शियम व लोह यांच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतल्या, तर ती नीट शोषली जात नाही. दोहोंत चार तासांचे अंतर लागते.

विदर्भापुरती एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगितली पाहिजे. आपल्याकडे सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. रक्त कमी असल्याचे ऐकून आप्तेष्ट त्यांना लोहयुक्त टॉनिक आणून देतात. परंतु ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते त्यांच्या यकृतात व हृदयात लोह आधीच साचत असते, आणि हे प्रेमाने आणलेले टॉनिक त्या साठ्यात भरच घालते. तीच काळजी सांधेदुखीवरील बेनामी पुड्यांची. अशा पुड्यांत डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याचे दाखले वैद्यकीय वाङ्मयात आहेत. पुडीने गुडघा हलका होतो, साखर मात्र वाढत जाते, आणि पुडी एकाएकी बंद केली म्हणजे माणूस कोसळू शकतो.

कायद्याची व्यवस्था या गोंधळास हातभारच लावते. आयुर्वेदीय औषधे १९४० च्या औषध कायद्याखाली येतात, पूरके २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली; त्यामुळे एकच अश्वगंधा एका डब्यावर औषध म्हणून आणि दुसऱ्यावर अन्न म्हणून विकली जाते, जरी थायरॉइडच्या रुग्णाच्या शरीराला त्या दोन परवान्यांतील फरक कळत नसला तरी. कोणत्या औषधासमवेत ती घेऊ नये, हा मजकूर दोन्ही डब्यांवर ठळक मराठीत छापणे सक्तीचे झाले पाहिजे.

परंतु त्या फर्मानाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि नागपूरच्या प्रत्येक रुग्णालयात केसपेपरवर काढा, चूर्ण, भस्म, टॉनिक व पूरके यांचा एक स्वतंत्र रकाना ठेवावा, आणि शस्त्रक्रियेपूर्वी तर तो भरल्यावाचून पुढे जाऊ नये. या द्रव्यांविषयी डॉक्टरांनी रागे न भरता विचारावे. रुग्ण लपवितो तो बहुधा बोलणी खाण्याच्या भीतीने. जे भोवले असेल त्याची खबर राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क दूरध्वनीवर रुग्णास वा त्याच्या नातेवाइकास स्वतःही देता येते, आणि हा क्रमांक प्रत्येक औषधविक्रेत्याने आपल्या दुकानात दर्शनी लावावा.