साथ ओसरल्यानंतरचे कर्तव्य

महामारी ओसरली की समाज सुटकेचा निःश्वास टाकतो. रुग्णालयांतील खाटा रिकाम्या होतात, मदतकेंद्रांचे मंडप उतरतात, कार्यकर्त्यांचे यथोचित सत्कार होतात आणि संकट टळले, असे सर्वजण गृहीत धरतात. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचे घोषित केले. परंतु २०२० साली जी मुले पंधरा-सोळा वर्षांची होती, ती आज विशी ओलांडून रोजगाराच्या दारात उभी आहेत. त्यांच्यापुरती ती आणीबाणी संपली आहे काय, याचा विचार आता समाजाने करावयास हवा.

कोल्हापूरला लागून पंचगंगेच्या काठी वसलेल्या कसबा बावड्याचे उदाहरण या दृष्टीने चिंतनीय आहे. येथील राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती ५५ फुटांच्या वर गेली. घरे सावरत नाहीत तोच मार्च २०२० मध्ये शाळा-महाविद्यालयांना कुलूप लागले. जून २०२१ मध्ये राज्यात निर्बंध सैल होत असताना बाधितांचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या जिल्ह्यांत कोल्हापूर होते, आणि जुलैत पुन्हा महापूर आला. दोन वर्षांत तीन तडाखे! अशा काळात घरचा कर्ता गेला किंवा त्याची मिळकत थांबली, की थोरला मुलगा शिक्षण सोडून मिळेल त्या कामाला लागतो आणि मुलीच्या शिक्षणाऐवजी तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. या हानीचे पंचनामे होत नाहीत.

देशाचे चित्रही असेच आहे. २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात १४ ते १८ वयोगटाची पाहणी करणाऱ्या २०२३ च्या ‘असर’ अहवालानुसार, सुमारे चौथा हिस्सा मुलामुलींना मातृभूमीच्या आपल्याच भाषेतील दुसरीच्या पुस्तकातील उतारा अस्खलित वाचता येत नव्हता, निम्म्याहून अधिकांना साधा भागाकार जमत नव्हता आणि व्यवसाय प्रशिक्षण घेणाऱ्यांचे प्रमाण अवघे ५.६ टक्के होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०१९ साली देशात १०,३३५ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. २०२१ साली हा आकडा १३,०८९ वर गेला. त्यांत सर्वाधिक, १,८३४, महाराष्ट्रातील होते. या सर्वांचे खापर एकट्या महामारीवर फोडता येणार नाही. तथापि, संत-समाजसुधारकांचा वारसा सांगणाऱ्या राज्याने या आकड्यापुढे अंतर्मुख व्हावे, हे निश्चित.

मार्ग शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. राजर्षी शाहू छत्रपतींचा जन्म २६ जून १८७४ रोजी याच कसबा बावड्यातील लक्ष्मी-विलास राजवाड्यात झाला. १८९४ साली राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली आणि दोनच वर्षांत दुष्काळ व प्लेग या दोन्ही आपत्तींशी त्यांना झुंजावे लागले. महाराजांनी वस्त्या हलविल्या, छावण्या उभारल्या, दुष्काळी कामे काढली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १९०१ पासून कोल्हापुरात विद्यार्थी वसतिगृहांची मालिका सुरू झाली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ अशा विविध समाजांची वसतिगृहे निघाली. अस्पृश्य गणल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह उघडले. महाराजांनी जागा दिली, अनुदान दिले. कारभार मात्र त्या त्या समाजातील जाणत्या माणसांवर सोपविला. खेड्यातून आलेल्या मुलाला डोक्यावर छप्पर, वेळेवर जेवण आणि पाठीशी वडीलधारे माणूस मिळाले.

या परंपरेचा धागा पुढेही गेला. कोल्हापुरातील जैन वसतिगृहात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. आदल्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले होते. अशा खचलेल्या काळात उभ्या राहिलेल्या या संस्थेने ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला आणि श्रमाला शिक्षणाच्या पंक्तीला बसविले.

आज उणीव आहे ती या सातत्याची. एक दिवसाचे रोजगार मेळावे, दोन तासांची व्यक्तिमत्त्व विकास शिबिरे आणि त्यांची छायाचित्रे यांनी खचलेले मन उभे राहत नाही. शासनाच्या योजना आहेत व त्यांचा लाभ घेतलाच पाहिजे. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सहा ते दहा हजार रुपये विद्यावेतन ठेवले गेले; ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मनाचे दुखणे मोकळेपणाने सांगण्याची सोय आहे. पण तो क्रमांक फिरवण्याचे धैर्य मुलाला कोण देणार? प्रशिक्षणाची मुदत संपल्यावर त्याला कारखान्याच्या दारापर्यंत कोण नेणार? ते काम शेजारच्या माणसाचेच आहे.

कोल्हापूरकरांना त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. पेठापेठांत तालमी आहेत, गल्लोगल्ली तरुण मंडळे आहेत. मंडळाच्या खोलीत रोज सायंकाळी दोन तास अभ्यासिका चालू शकते. निवृत्त शिक्षक तेथे गणित-भाषेचा पाया पक्का करून घेऊ शकतात. तालमीतील वस्ताद मुलाचे शरीर घडवतो, तसेच दोन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी जाऊन चौकशीही करू शकतो. पंचगंगेपलीकडे शिरोलीत, शहरात उद्यमनगरात, गोकुळ शिरगावात फौंड्री आणि यंत्रशाळा आहेत. प्रत्येक उद्योजकाने वस्तीतील दोन मुले हाताखाली घेऊन वर्षभर शिकवली, तर अनेक घरांची चूल पेटेल. मिरवणुकीतील डॉल्बीवर उधळल्या जाणाऱ्या वर्गणीतील काही भाग जरी इकडे वळला, तरी खर्चाची चिंता उरणार नाही.

मात्र दोन पथ्ये पाळावी लागतील. तालीम आणि मंडळ ही आजवर मुलग्यांचीच राहिली. मुलींसाठी सुरक्षित जागा आणि सोयीची वेळ आधी ठरली पाहिजे, अन्यथा निम्मा समाज बाहेरच राहील. दुसरे म्हणजे, जातीच्या भिंती आड येता कामा नयेत. शंभर वर्षांपूर्वी ज्ञातिनिहाय वसतिगृहे ही काळाची निकड होती. आज एकाच अभ्यासिकेत सर्व वस्त्यांतील मुले शेजारी बसणे, हीच खरी समरसता.

‘गाव करील ते राव काय करील’ अशी आपल्याकडे म्हण आहे. करवीरनगरीत मात्र रावाने आरंभ केला आणि गावाने त्याला साथ दिली. आता राव नाही, गाव आहे. साथीच्या काळात घरोघरी शिधा आणि औषध पोहोचविणाऱ्या कार्यकर्त्यांनी तीच घरे पुन्हा एकदा गाठावीत, आणि तेथील मुलगा-मुलगी सध्या काय करते, एवढे विचारावे. पुढचे काम त्या उत्तरातूनच ठरेल.