पिल्लाचा मुहूर्त

आमच्या मुलाच्या लग्नाची तारीख अर्ध्या तासात ठरली होती. कुत्र्याचं पिल्लू कधी आणायचं यावर मात्र आठवडाभर घरात रोज बैठक बसत होती. मागणी थोरल्या नातवाची, वय वर्षं सात. धाकटी चार वर्षांची; तिला काहीही चालतं. कुत्रं, ससा, समोरच्यांचं बाळसुद्धा.

सूनबाई जनावरांच्या डॉक्टरांकडून सगळं विचारून आली. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडायचं नाही. २०१७ च्या नियमांनुसार त्याआधी ते विकताही येत नाही. पुढे दर तीन-चार आठवड्यांनी लस, पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर. लशी पुऱ्या होईतो रस्त्यावर न्यायचं नाही, पार्व्होची भीती. जंताचं औषध वेगळं. धाकटीला आणि पिल्लाला एकटं सोडायचं नाही, एकमेकांपासून दोघांनाही धोका. आणि चौथ्या महिन्यापासून त्याचे दुधाचे दात पडायला लागतात, तेव्हा दिसेल ते चावणार. थोरल्याचेही सध्या पडताहेत. "त्याचे २८ आणि माझे २०च?" यावर तो दिवसभर नाराज होता.

तारीख काढायला मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. जून नको, शाळा सुरू होते. जुलै-ऑगस्ट पावसाचे, चिखलाचे पाय घरभर. गणपतीत नैवेद्याच्या ताटापाशी राखण कोण बसणार, हा आमच्या हिचा सवाल. नवरात्रात हिचे उपास. दिवाळीत फटाके, बिचारं पलंगाखालून बाहेर यायचं नाही. डिसेंबरात गॅदरिंग, जानेवारीत लग्नं, मग परीक्षा. (दुसरीची!) मे महिन्यात आम्ही कोकणात. कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं.

आमच्या गावी, साताऱ्याकडे, कुत्रं आणायची पद्धतच नव्हती. ते यायचं. कुठल्या तरी गंजीमागे कुत्री व्यायची, आम्ही पोरं एखादं पिल्लू सदऱ्यात घालून घरी न्यायचो, आजी शिव्या घालायची आणि संध्याकाळी तीच ताकात भाकरी कुस्करून त्याच्यापुढे ठेवायची. हे मी रंगवून सांगत होतो, तर ही म्हणाली, "आणि बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं? ती सांगा की." ती माझ्या चुलतभावाला बसली होती. मी गप्प बसलो.

मग सूनबाईनं तोडगा काढला. पंधरा दिवस चाचणी. मुलांनी रोज सकाळी सहाला उठायचं, खाली फिरवून आणायचं, आल्यावर पाणी द्यायचं. जमलं तर पिल्लू.

"पण फिरवायचं कुणाला?" थोरल्यानं विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पहिल्या दिवशी दोघंही आली. माझ्या गुडघ्यांची कहाणी या सदराच्या वाचकांना पाठ आहे, तेव्हा वेगाबद्दल लिहीत नाही. धाकटीनं माझ्या सदऱ्याचं टोक घट्ट धरलं होतं. गेटवर वॉचमननं चौकशी केली, तर म्हणाली, "आजोबांना शी-शूला नेतोय." तेव्हापासून तो मला जरा जास्तच अदबीनं सलाम करतो. दुसऱ्या दिवशी मी कट्ट्यावर न बसता सरळ घरी आलो, म्हणून "शहाणा गं माझा" असं म्हणत तिनं मला बिस्किट भरवलं. साखरेमुळे दोन वर्षं माझी बिस्किटं बंद आहेत. मी कुणाला काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशीही सरळ घरी आलो.

चौथ्या दिवशी थोरल्याचं पोट दुखलं. पाचव्या दिवशी धाकटी झोपेतच म्हणाली, "उद्या दोनदा नेईन." सहाव्या दिवशी सूनबाई आली, सगळा वेळ फोनवर. काल मुलगा आला, तो गेटपर्यंतच, ऑफिसची घाई.

आज सहा वाजता मी चपला घालून दाराशी उभा राहिलो. दहा मिनिटं झाली, कुणी उठेना. स्वयंपाकघरातून ही डोकावली आणि म्हणाली, "कडी काढून देऊ का?"