बारा वर्षांचे मौन

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन आणि त्यांच्याच जोडीने १८२८ मध्ये निवडून आलेले उपराष्ट्राध्यक्ष जॉन कॅल्हून यांच्यातील पत्रव्यवहाराचा विषय निघाला की एक ठरावीक कथा ऐकवली जाते. परराष्ट्रमंत्री व्हॅन ब्युरेन यांनी कान भरले, तापट जॅक्सन भडकले आणि बिचारे कॅल्हून कारस्थानाला बळी पडले! युद्धमंत्री ईटन यांच्या पत्नीवर राजधानीतील प्रतिष्ठित स्त्रियांनी घातलेला बहिष्कार तेवढा तोंडी लावायला असतो. कथा सोयीची आहे. सोयीची असणारच, कारण ती प्रथम मांडली स्वतः कॅल्हून यांनी. पण खुद्द पत्रे वाचणाऱ्याला निराळेच दर्शन घडते.

मूळ प्रकरण १८१८ सालचे. सेमिनोल टोळ्यांचा पाठलाग करण्याच्या निमित्ताने सेनापती जॅक्सन स्पेनच्या ताब्यातील फ्लोरिडात घुसले. पाठलागाची परवानगी होती. स्पॅनिश ठाण्यांवर हल्ला करण्याची नव्हती. तरीही त्यांनी सेंट मार्क्स आणि पेन्साकोला ही ठाणी घेतली आणि दोन ब्रिटिश प्रजाजनांना मृत्युदंड दिला. राष्ट्राध्यक्ष मन्रो यांच्या मंत्रिमंडळात खळबळ उडाली. त्या वेळचे युद्धमंत्री कॅल्हून यांचे मत पडले की सेनापतीने आदेश मोडला असून त्याची चौकशी झाली पाहिजे. जॅक्सन यांची बाजू ठामपणे घेतली ती जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी. ज्यांचा पुढे १८२८ मध्ये जॅक्सन यांनी पराभव केला, तेच हे ॲडम्स.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. १८१८ मध्ये कॅल्हून यांचे मत योग्यच होते. काँग्रेसने युद्ध पुकारलेले नसताना परक्या सत्तेची ठाणी काबीज करण्याचा अधिकार कोणाही सेनापतीला नसतो. मग जे मत योग्य होते, ते लपवण्याचे कारण काय? मंत्रिमंडळातील चर्चा गुप्त असते, हे उत्तर एका मर्यादेपर्यंत मान्य करता येईल. परंतु मंत्रिमंडळात कॅल्हून यांनीच आपला बचाव केला, अशी जॅक्सन यांची वर्षानुवर्षे समजूत होती आणि त्या समजुतीच्या आधारावर जुळलेल्या स्नेहाचा लाभ घेत कॅल्हून त्यांचे सहउमेदवार झाले. गुप्तता पाळणे निराळे आणि दुसऱ्याच्या गैरसमजावर आपली इमारत उभारणे निराळे.

१८३० च्या मे महिन्यात मन्रो यांचे जुने अर्थमंत्री क्रॉफर्ड यांचे पत्र जॅक्सन यांच्या हाती आले आणि ही इमारत ढासळली. १३ मे रोजी त्यांनी ते कॅल्हून यांच्याकडे धाडून खुलासा मागितला. २९ मे रोजी आलेले उत्तर प्रदीर्घ होते. खुलासा देण्यास आपण बांधील नाही, असे त्यात प्रारंभी म्हटले आहे आणि पुढे पानेच्या पाने खुलासाच आहे! जॅक्सन यांनी दुसऱ्याच दिवशी सीझरचे ब्रूटसविषयीचे उद्गार ऐकवून त्या विषयावरील बोलणे संपवले. (दोनच दिवस आधी, २८ मे रोजी, मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हटवण्याच्या कायद्यावर याच जॅक्सन यांनी स्वाक्षरी केली होती. विश्वासघाताविषयी बोलण्याचा त्यांचा अधिकार किती, हे त्यावरून ताडावे.)

मात्र बारा वर्षांपूर्वीच्या एका मतावरून एवढा भडका उडतो का? नाही. मंत्र्याला राष्ट्राध्यक्ष काढू शकतो. निवडून आलेल्या उपराष्ट्राध्यक्षाला नाही. फ्लोरिडा हे निमित्त जॅक्सन यांनाही हवेच होते. खरा वाद होता संघराज्याचा. जड आयातशुल्कामुळे दक्षिणेत असंतोष होता. केंद्राचा कायदा आपल्या सीमेत रद्दबातल ठरवण्याचा राज्याला अधिकार आहे, हा सिद्धांत कॅल्हून यांनी १८२८ मध्ये साउथ कॅरोलिनासाठी लिहून दिला, तोही निनावी! उपराष्ट्राध्यक्षपदावर बसून त्याच राष्ट्राच्या ऐक्याला सुरुंग लावणारा मसुदा लिहायचा आणि खाली सही करायची नाही. मौनाची जुनी सवय येथेही सुटली नाही. शुल्काच्या त्या भाषेआड गुलामगिरीच्या रक्षणाची चिंता दडलेली होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पत्रांच्या महिनाभर आधी, १३ एप्रिल १८३० च्या जेफरसन स्मृतिभोजनात जॅक्सन यांनी संघराज्य टिकलेच पाहिजे असे बजावले, तेव्हा कॅल्हून यांनी भर सभेत स्वातंत्र्याला पहिला आणि संघराज्याला दुसरा क्रम दिला. त्या क्षणी दोघांची फारकत झाली होती. पत्रांनी तिच्यावर शिक्कामोर्तब केले.

१८३१ च्या फेब्रुवारीत कॅल्हून यांनी सारा पत्रव्यवहार वृत्तपत्रात छापला. देश आपल्या बाजूने उभा राहील, ही त्यांची अपेक्षा. घडले उलटेच. एप्रिलमध्ये मंत्रिमंडळ बदलले आणि त्यांचे समर्थक बाहेर पडले. १८३२ च्या प्रारंभी व्हॅन ब्युरेन यांची ब्रिटनमधील राजदूतपदावरची नेमणूक सिनेटमध्ये समसमान मतांवर अडली. कॅल्हून यांनी निर्णायक मत देऊन ती पाडली. त्याच वर्षी व्हॅन ब्युरेन उपराष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले!

नोव्हेंबर १८३२ मध्ये साउथ कॅरोलिनाने केंद्राचे शुल्क रद्दबातल घोषित केले. १० डिसेंबरला जॅक्सन यांनी ही कृती घटनाविरोधी असल्याचे जाहीर केले. २८ डिसेंबरला कॅल्हून यांनी राजीनामा दिला. १८३० मध्ये पानेच्या पाने लिहिणाऱ्या या गृहस्थांचे ते पत्र अगदी त्रोटक होते, आणि ते जॅक्सन यांच्या नावे नव्हते. परराष्ट्रमंत्र्यांच्या नावे होते.