गाडीतला ‘ऑटो’ एसी काय पाहतो, काय पाहत नाही?

आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले आज ड्रायव्हर म्हणून पोट भरतात. त्यांपैकीच शेजारचा एक मुलगा परवा रात्री घरी आला. चेहरा पडलेला.

“काका, भर दुपारी साहेबांना गाडीत गरम होतं. सकाळी तक्रार नसते. गॅरेजवाला म्हणतो, गॅस भरावा लागेल. साहेब म्हणतात, पैसे तुझ्या पगारातून कापीन.”

मी हिशेबाच्या वह्या लिहिणारा माणूस, मेकॅनिक नव्हे. पण म्हटले, “गाडीचे माहितीपुस्तक घेऊन ये, दोघे मिळून वाचू.” वाचले, आणि बरेच उमगले.

इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो. दाबाने तापलेल्या गॅसची उष्णता गाडीच्या पुढच्या जाळीतून बाहेर जाते आणि त्याचा द्रव होतो. डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये दाब कमी झाला की त्या द्रवाचा पुन्हा वायू होतो. तसे होताना तो हवेतली उष्णता ओढून घेतो. ही थंड हवा पंखा आत सोडतो.

साध्या एसीत पंखा नि थंडावा आपण हाताने कमी-जास्त करतो. ‘ऑटो’मध्ये फक्त आकडा ठरवायचा, समजा २४ अंश. अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत अशी सोय १९६४ साली आली. आतली हवा किती गरम, बाहेरची किती आणि ऊन किती, हे सेन्सर सांगतात. त्यावरून यंत्र पंख्याचा वेग ठरवते आणि आतल्या झडपा फिरवून थंड व गरम हवेचे मिश्रण करते. म्हणूनच आकडा १८ वर नेला म्हणजे तापलेली गाडी लवकर गार होईल, असे नाही; सुरुवातीला यंत्र पूर्ण जोर लावतेच. त्याआधी दोन मिनिटे काचा उघडून कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्यावी.

आता त्या मुलाची अडचण. त्याला सांगितले, “आकडा अगदी खाली ‘लो’वर नेऊन बघ.” हवा बर्फासारखी आली. म्हणजे गॅस संपलेला नव्हता. मग डॅशबोर्ड पाहिला. शोभेसाठी अंथरलेल्या कापडाखाली, काचेजवळ, उन्हाचा सेन्सर झाकला गेला होता. ऊन नाहीच असे समजून यंत्र दुपारी थंडावा कमी करत होते. कापड काढले, तक्रार मिटली, पगारही वाचला. आतल्या हवेच्या सेन्सरची डॅशबोर्डवरची बारीक जाळीही अशीच मोकळी ठेवावी.

पण एक गोष्ट याहून मोठी आहे. हे यंत्र उष्णता मोजते, विषारी वायू मोजत नाही. साहेबांची वाट पाहताना अनेक ड्रायव्हर इंजिन आणि एसी चालू ठेवून, काचा लावून झोपतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड फटीतून आत शिरला तर त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस जागा होत नाही. आकडा मात्र २४ च दाखवत राहतो.

म्हणून घरातल्या ड्रायव्हरला आजच सांगा: झोपायचे तर इंजिन बंद कर, काचा उघड, गाडी सावलीत लाव. थोडा घाम आला तरी चालेल. संध्याकाळी माणूस घरी परतला पाहिजे.