कासवही बुडते!

कासव पाण्यात बुडून मरेल का? हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले हसतील. ज्याचा जन्मच पाण्यात जातो, ते बुडेल कसे? पण खरे उत्तर 'होय' असेच आहे.

माशाला कल्ले असतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू तो त्यांच्यातून घेतो. कासव पडले सरीसृप. त्याला कल्ले नाहीत, आपल्यासारखी फुप्फुसे आहेत. शिवाय त्याच्या बरगड्या पाठीच्या कवचाशी एकजीव झालेल्या असल्यामुळे त्याला छाती फुगवता येत नाही. कवचाच्या आतले स्नायू फुप्फुसांवरचा दाब कमी-अधिक करतात आणि हवा आतबाहेर होते. समुद्री कासवाला त्यासाठी पाण्यावर डोके काढावेच लागते.

शांत पडून राहिले, तर ते एका श्वासावर तासाहून अधिक काळही काढू शकते. परंतु ट्रॉलरच्या जाळ्यात अडकले की ते धडपडते, प्राणवायूचा साठा भराभर संपतो आणि वर येण्याची वाट तर बंद असते. मग ते गुदमरते.

म्हणूनच 'कासव जलचर आहे' एवढे वहीत लिहून थांबणे मला घातक वाटते. जाळ्यातून निघालेले निपचित कासव पुष्कळदा मेलेले नसते, बेशुद्ध असते. 'पाण्यातला जीव पाण्यात' असे म्हणून त्याला लगेच समुद्रात सोडले, तर ते खरोखरच बुडते. त्याला नावेवरच सावलीत पोटावर ठेवावे, मागचा भाग थोडा उंच करावा, अंग ओले राखावे. काही तासांत ते शुद्धीवर येण्याची शक्यता असते.

मुळात ते अडकूच नये, यासाठीही उपाय आहे. जाळ्यात गजांची तिरपी जाळी बसवतात. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव मात्र वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्याकडील जाळ्यांसाठी अशी रचना तयार केली आहे. झडपेतून थोडी मासळीही निसटते, ही मच्छीमारांची तक्रार खोटी नाही. तेव्हा हा भार एकट्या कोळ्याने का सोसावा? कासव सोडवण्यासाठी जाळे कापावे लागल्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये सुरू केली. तोच न्याय या झडपेलाही लावावा, असे माझे मत आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखली जातात. पण वाळूत जपलेले पिल्लू मोठे होऊन जाळ्यात गुदमरणार असेल, तर ते राखणे अर्धेच ठरेल.

किनाऱ्यावरच्या शाळांतील मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी नाव आहे. शिक्षकांनी कासवाचा श्वास नीट समजावून द्यावा आणि तुम्ही तो धडा घरी सांगावा. परीक्षेतल्या दोन गुणांपेक्षा त्याचे मोल मोठे आहे.