विश्लेषण : मीडियम फॉरमॅट कॅमेरे स्वस्त झाले, पण आवाक्यात आले का?

फुजीफिल्मने १०२ मेगापिक्सेलचा ‘जीएफएक्स १००’ २०१९ मध्ये आणला, तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ९,९९९ डॉलर होती. तेवढ्याच मेगापिक्सेलचा ‘जीएफएक्स १००एस २’ २०२४ मध्ये ४,९९९ डॉलरना आला. पाच वर्षांत किंमत निम्म्यावर. तरीही हा कॅमेरा घ्यायचा की नाही, हा प्रश्न व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी सोपा झालेला नाही.

मीडियम फॉरमॅट म्हणजे काय?

फिल्मच्या काळात १२० रोलवर ६ बाय ६ सेंटीमीटरसारखी मोठी चौकट टिपणाऱ्या कॅमेऱ्यांना हे नाव होते. आज फुजीफिल्म आणि हॅसलब्लाड यांच्या कॅमेऱ्यांतील संवेदक साधारण ४४ बाय ३३ मिलिमीटरचा असतो. फुल फ्रेमच्या (३६ बाय २४) तुलनेत त्याचे क्षेत्रफळ सुमारे १.७ पट. म्हणजे फरक आहे, पण फिल्मच्या काळाइतका मोठा नाही.

किमती का उतरल्या?

सिलिकॉनच्या एका चकतीतून मोठे संवेदक कमी निघतात आणि एखाद्या दोषामुळे वाया जाणारा भागही मोठा असतो. त्यामुळे ते मुळातच महाग. मात्र २०१४ पासून सीसीडीच्या जागी सोनीने बनवलेले सीमॉस संवेदक आले आणि एकच संवेदक अनेक कंपन्या वापरू लागल्या. पुढे आरसा काढून टाकल्याने कॅमेऱ्याची रचनाही सुटसुटीत झाली. फुजीफिल्म फुल फ्रेम कॅमेरे बनवतच नाही. त्यामुळे स्वतःच्याच दुसऱ्या मालिकेचा ग्राहक तुटेल, ही भीती तिला नव्हती. २०२१ मध्ये ‘जीएफएक्स ५०एस २’ ३,९९९ डॉलरना आला. ही किंमत थेट महागड्या फुल फ्रेम कॅमेऱ्यांच्या रांगेतील होती.

मग अडचण कुठे?

कॅमेरा हा खर्चाचा केवळ पहिला हप्ता. लेन्स वेगळ्या आणि महाग. १०२ मेगापिक्सेलची असंपीडित रॉ फाइल सुमारे २०० एमबीची असते. म्हणजे हजार छायाचित्रांना २०० जीबी. त्यासाठी वेगवान संगणक आणि साठवणूक हवी. शिवाय मोठा संवेदक वाचायला वेळ लागतो, त्यामुळे क्रीडा किंवा वन्यजीव छायाचित्रणात हे कॅमेरे मागे पडतात. ज्यांची छायाचित्रे मोबाइलच्या पडद्यावरच पाहिली जातात, त्यांच्या ग्राहकाला फरक क्वचितच कळतो. जाहिरात, कलाकृतींचे दस्तावेजीकरण, मोठ्या आकाराची छपाई या कामांत मात्र तो दिसतो.

भवितव्य काय?

खेळाडू मोजकेच उरले आहेत. डीजेआयने २०१७ मध्ये हॅसलब्लाडमध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला. फेज वन ५३.४ बाय ४० मिलिमीटरच्या १५० मेगापिक्सेल संवेदकासह अतिमहागड्या कोपऱ्यात आहे. सगळा डोलारा मोजक्या संवेदकांवर आणि जवळपास एकाच पुरवठादारावर उभा आहे. किमती सतत उतरतच राहतील, असेही नाही. अमेरिकेने २०२५ मध्ये आयात शुल्क वाढवल्यानंतर जपानी कंपन्यांनी तेथे कॅमेऱ्यांचे दर वाढवले. त्यामुळे ‘अजून स्वस्त होईल’ म्हणून थांबणे जितके धोक्याचे, तितकेच केवळ प्रतिष्ठेपायी कर्ज काढणेही. वर्षातून चार-सहा कामांपुरता हवा असेल, तर भाड्याने घेणे शहाणपणाचे. हप्ता भरणारे काम हातात असेल, तरच खरेदी परवडेल.